ओढायचं किती, पेलायचं किती

लिओटी, कॅन्सस
१४ सप्टेंबर १९९६

ती. डॅड यांस,
नमस्कार पोचला असं धरून चालतो. वि. वि.

आणि "तुला काय कळतंय" हे तर तुम्ही आता लिहूच नका. मागच्या पत्रात तीनदा लिहिलंत. घर विकलंत, फोन तोडलात, अठ्ठावीस फुटी ट्रेलर घेतलात, ओपल आत्याच्या अंगणात तो उभा करून त्यात राहायलाही गेलात, आणि हे सगळं उरकल्यावर मला कळवलंत. का, तर पोरगा उगाच शंका काढेल. बरं मग, काढतोच.

मॉमच्या छातीला डार्बीचा आणखी एक हिवाळा झेपणार नाही, हे मला मान्य. खोऱ्यात घरोघरी लाकडं पेटली की तिला श्वास पुरत नाही, तेव्हा ॲरिझोनाला जाणं भागच आहे. मात्र फिफ्थ-व्हील ट्रेलर म्हणजे मागे बांधून ओढायची गाडी नव्हे. त्याची मान पिकअपच्या हौद्यात बसते. म्हणजे त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा तुमच्या ट्रकच्या पाठीवर येतो. ट्रकच्या माहितीपत्रकात लिहिलंय साडेसात हजार पौंड, ते ओढण्याचं. पेलण्याचा आकडा वेगळा असतो. तो ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवरच्या पट्टीवर दिसतो. ट्रक, त्यातली माणसं, हत्यारं, तेल आणि मानेचा भार, सगळं धरून किती. तो आकडा मला कळवा. एवढंच मागतोय.

इथं ज्वारी अजून ओली आहे. मालक रोज सकाळी दाणा चावतो, थुंकतो आणि परत झोपायला जातो. कापणीची यंत्रं नुसती उभी आहेत, म्हणून मला एवढं लिहायला फुरसत. पत्र इथल्या धान्यकोठीच्या पत्त्यावर टाका.

राग धरा, पण त्यापायी लोभ कमी करू नका.
आपला,
रॉइस


डार्बी, मोंटाना
१९ सप्टेंबर १९९६

चि. रॉइस यास,
अनेक आशीर्वाद. त्यातला एक अक्कल येण्यासाठी.

तुझं पत्र मिळालं. नववीत शाळा सोडून पळालेला, एका जागी सहा महिने न टिकणारा माझा मुलगा मला वजन शिकवतो, हे वाचून तुझी आत्या पोट धरून हसली. अरे, तीस वर्षं मी लाकडाच्या गिरणीचे ओंडके डोंगरावरून खाली आणले. ऐंशी हजार पौंड पाठीवर घेऊन. तेव्हा तू बाकावर माझ्या शेजारी बसून बिस्किटं सांडायचास. एकदा तरी गाडी खड्ड्यात घातली का, सांग.

आता तुझा हिशेब. ट्रेलरच्या कागदावर वजन सहा हजार सहाशे. आपला पिकअप ओढतो साडेसात हजार. नऊशे पौंड वर शिल्लक राहतात. विकणाऱ्यानंही हेच सांगितलं, आणि तो टाय लावून बसतो.

जोडल्यावर पिकअपचं मागचं अंग थोडं बसत होतं, हे खरं. दिवे रस्त्याऐवजी झाडावरची घुबडं दाखवत होते. म्हणून मागे स्प्रिंगचे जादा पाटे घालून घेतले. आता टेबलासारखा सरळ उभा आहे. पाण्याचा पेला ठेवला तरी हलायचा नाही. तेव्हा पट्टीबिट्टी बघायची गरज उरली नाही.

तुझ्या आईनं यंदाचं सगळं डबाबंद करून ट्रेलरमध्ये रचलंय. पीच, हरणाचं मटण, टोमॅटो, हकलबेरीचा मुरंबा. एकशे नव्वद बरण्या. ॲरिझोनात दुकानं नाहीत अशी तिची समजूत आहे.

यंदा बर्फ लवकर पडणार म्हणतात. त्यामुळे पाच तारखेऐवजी दोन ऑक्टोबरला सकाळीच निघतो. लॉस्ट ट्रेल घाट चढून पलीकडे सॅमनला मुक्काम. आता यावर आणखी कागद खर्च करू नकोस. ज्वारी वाळली की काम कर.

प्रकृतीला जप. आमचा लोभ आहेच, तो काही वजनावर ठरत नाही.
तुझा,
डॅड


लिओटी, कॅन्सस
२४ सप्टेंबर १९९६

प्रिय मॉम,
नमस्कार. हे पत्र तुझ्या नावानं, कारण डॅड माझी पत्रं उभ्यानं वाचून खिशात कोंबतात. तू बसून वाच.

डॅड म्हणतात पाटे घातले, आता ट्रक सरळ उभा राहतो. मॉम, ह्याचीच मला भीती होती. पाट्यांनी ट्रकची पाठ वर येते, पण भार तेवढाच राहतो. तीच चाकं, तेच टायर, तेच ब्रेक. आधी निदान ट्रक खाली बसून सांगत तरी होता की जास्त झालं. आता त्याचं तोंड बांधलंय.

आणि कागदावरचं वजन हे रिकाम्या ट्रेलरचं असतं. कारखान्यातून निघाला तेव्हाचं. त्यात पलंगावरच्या गोधड्या नाहीत, टाकीतलं पाणी नाही, तुझ्या बरण्याही नाहीत. भरलेली एक बरणी तीन पौंडांची. एकशे नव्वद बरण्या म्हणजे आपला जुना घोडा अर्धा कापून आत ठेवल्यासारखं.

आता तुला एक सांगतो. जुलैमध्ये मी लिहिलं होतं की आमची स्वयंपाकीण आर्डिथ काम सोडून गेली. ती सोडून गेली नाही. आमची कापणीची टोळी कॅन्ससहून साउथ डकोटाला निघाली होती. स्वयंपाकाचा ट्रेलर ओढणारा मोठा ट्रक बंद पडला. मालकानं विचारलं की लहान पिकअपला जमेल का. मी माहितीपत्रक बघितलं, आकडा बसत होता. जमेल म्हणालो. मीच म्हणालो, मॉम. तो सपाटीवर लोण्यासारखा चालला. आर्डिथ शेजारी बसून मला नावं ठेवत होती की मी गाडी चालवतोय की पाळणा हलवतोय.

नेब्रास्कात एक उतार लागला. आपल्या घाटापुढे तो उंबरठासुद्धा नाही. मागून ट्रेलरनं ढकलायला सुरुवात केली. ब्रेक दाबला तर जळका वास आला. मग हातातलं चाक एकदम हलकं झालं, कारण मागच्या भारानं पुढची चाकं रस्त्यावर धड टेकतच नव्हती. मी चाक फिरवत होतो आणि गाडी सरळच जात होती. आम्ही खड्ड्यात गेलो. मला खरचटलंही नाही. आर्डिथच्या खुब्याचं हाड मोडलं. तिची मुलगी म्हणते, ती आता काठीशिवाय चालणार नाही. दुसऱ्या दिवशी मालकानं दाराच्या चौकटीवरची पट्टी मला वाचायला लावली, बस्स.

डॅडना हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. ते म्हणतील, पोराला चालवता येत नाही. म्हणू देत. फक्त निघायच्या आधी एकदा काट्यावर जा. ट्रेलर जोडलेला, बरण्या आत, तू आणि डॅड बसलेले, आणि काट्यावर फक्त पिकअपची चाकं. जो आकडा येईल तो पट्टीवरच्या आकड्याशी लावून बघा. इथं धान्याचा ट्रक भरलेला तोलतात, रिकामा तोलतात, वजाबाकीवर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. शाळेत मला वजाबाकी आली नाही, इथं आली.

आत्याकडे फोन केला तर तो डॅडच उचलतील, म्हणून पत्र; ते तुला दोन तारखेच्या आधी मिळावं म्हणून पोस्टातल्या बाईला मी नको तेवढं गोड बोललोय.

माया राहू दे. आणि घाट चढायच्या आधी डॅडना काट्याचं विचार, मग मला शिव्या दे.
तुझा,
रॉइस


डार्बी, मोंटाना
४ ऑक्टोबर १९९६

चि. रॉइस यास,
आशीर्वाद. पहिलं हे, की आम्ही अजून डार्बीतच आहोत. आता श्वास सोड.

तुझं पत्र तीस तारखेला आलं. मी ते ट्रेलरच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं. आर्डिथचं एवढे दिवस पोटात ठेवलंस, वेड्या. तुझ्या डॅडना मी तेव्हा काही सांगितलं नाही. ते पट्टी बघायला तयार नव्हते, काट्याचं नाव काढलं की ओपलच्या कुत्र्याशी बोलायला लागायचे.

दोन तारखेला सकाळी निघालो. गावाबाहेर पडताना मी म्हटलं, गिरणीपाशी क्षणभर थांबा, ऑटिसला भेटल्याशिवाय गाव सोडलं तर बरं दिसणार नाही. गिरणी बंद झाली तरी ऑटिस अजून तिथल्या काट्याच्या खोलीत बसतो. भंगाराच्या गाड्या तोलतो. तो आणि डॅड, तीस वर्षांचा दोस्ताना. डॅड म्हणाले, चल. आणि मी त्यांना थेट काट्यावरून खिडकीशी नेलं, जसे ते रोज ओंडक्यांचा ट्रक न्यायचे. त्यांच्या हातांना तीच सवय, लक्षातही आलं नाही. पिकअपची चाकं काट्यावर, ट्रेलरची खाली.

ऑटिसनं हात हलवला, आणि त्यालाही सवय, त्यानं आधी काट्याकडे बघितलं. मग खिडकीतून डोकं काढून म्हणाला की ऑरिन, सात हजार साठ, ह्यात काय शिसं भरलंयस की बायकोची बहीण? मी दार उघडून पट्टी मोठ्यानं वाचली. सहा हजार दोनशे. आठशे साठ पौंड जास्त. डॅडनी ऑटिसला पुन्हा तोलायला लावलं. पुन्हा तेच. मग ट्रेलरची चाकं वर घेऊन तोलली, ट्रेलर सोडून नुसता पिकअपही तोलला; हिशेबानं ट्रेलरची मान आणि चाकं मिळून आठ हजार नऊशे. म्हणजे ते ओढायचा आकडा म्हणत होते, तोही चौदाशेनं ओलांडलेला.

ह्या काट्याशी डॅडनी आयुष्यात भांडण केलेलं नाही. गिरणीत असताना दहा पौंड जास्त झालं तरी ओंडका उतरवायचे, तरुण पोरं हसायची त्यांना. खोलीत ते ऑटिसजवळ बाकावर बसले. मी तेव्हा तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बसून वाचलं. बराच वेळ. मग बाहेर आले, गाडी वळवली आणि ओपलच्या अंगणात आणून लावली. वाटेत एवढंच म्हणाले की विकणाऱ्याचा टाय बरा होता.

आता खरी अडचण. ट्रेलर परत घेणार नाहीत. घराचे पैसे त्यात गेले. हॅमिल्टनला एका मेंढरंवाल्याकडे मोठा ट्रक आहे, मागे दुहेरी चाकं, जुना पण तगडा. तो आपला पिकअप घेऊन वर दोन हजार तीनशे मागतो. पंधरा तारखेपर्यंत थांबतो म्हणाला. आमच्याकडे आहेत ते वाटेच्या तेलाला आणि तिथल्या भाड्याला लागतील. डॅड म्हणतात, हिवाळा इथंच काढू, वसंतात बघू. तुला कळवू नको असंही म्हणाले, म्हणून कळवतेय. घाटावर काल पहिलं बर्फ पडलं. ओपलनं चूल पेटवली आहे. मला थोडा खोकला आहे, एवढंच.

माया कधी कमी झाली नव्हती, तेव्हा ती राहू दे म्हणायची गरज नाही.
तुझी,
मॉम

काटा बरोबर होता. आर्डिथबाईंना माझा नमस्कार कळव. खुब्याला थंडीत ऊब द्यायची म्हणावं. — डॅड


लिओटी, कॅन्सस
९ ऑक्टोबर १९९६

ती. डॅड आणि प्रिय मॉम यांस,
नमस्कार. ह्या खेपेला मनापासून, उपचाराचा नव्हे.

तुमचं पत्र आल्यावर पहिला विचार आला तो हा की तुम्ही दोन तारखेला गिरणीपाशी थांबलात. मॉम, एवढी चलाख असताना माझी शाळा का सुटू दिलीस? असो.

"थोडा खोकला आहे, एवढंच" ही ओळ मी पुष्कळदा वाचली. वसंताची वाट बघायची नाही. डॅड, ह्यात तुमचं ऐकणार नाही. ज्वारी वाळली, गेले पाच दिवस रोज चौदा तास यंत्रं चालतात. आम्हाला पगार हंगाम संपल्यावरच मिळतो, पण मी मालकाकडे आत्ताच मागितला. त्यानं विचारलं की पोरीचं काही लफडं आहे का. मी म्हटलं, बापाचं आहे. कसलं, तर आठशे साठ पौंडांचं. तो हसला नाही. नेब्रास्कातला तो उतार त्यालाही आठवला असणार. आत जाऊन पैसे घेऊन आला.

वसंतात मी अलास्काला मासेमारीच्या बोटीवर जाणार होतो, हे तुम्हाला सांगितलंच नव्हतं, तेव्हा आता जाणार नाही हेही सांगायला नको. मालक इथं हिवाळ्यात यंत्रं दुरुस्त करायला माणूस ठेवतो. सहा महिने एका जागी. बघू टिकतो का.

मेंढरंवाल्याचा ट्रक घेतलात की आधी दार उघडून पट्टी वाचा. चाकं दुहेरी आहेत म्हणून मिशीला पीळ देऊ नका. मॉम, निम्म्या बरण्या आत्याला दे. मटणाच्या दे, मुरंबा ठेव. पाण्याची टाकी रिकामी करून निघा, पाणी सॅमनलाही मिळतं. घाट दुपारी चढा, रस्त्यावरचं बर्फ वितळल्यावर. उतरताना खालच्या गिअरमध्ये, आणि मागून कुणी भोंगा वाजवला तर वाजवू द्या.

आर्डिथला निरोप कळवला. फोनवर होती. म्हणाली की तुझ्या बापाला सांग, ऊब देतेच आहे, आणि त्याच्या पोरापेक्षा माझी काठी सरळ चालते. जुलैनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

सॅमनला पोचलात की त्याच संध्याकाळी ओपल आत्याला फोन करा. मी तिला विचारीन. तोवर इथं मला कुणी हाक मारली तर ऐकू यायचं नाही.

सोबतचे पैसे उसने नाहीत. परत पाठवलेत तर मी पोस्टातूनच परत पाठवीन, आणि तिकिटाचा खर्च आपल्या दोघांनाही पडेल. लोभ असाच ठेवा, थोडा जास्त झाला तरी मी पेलतो.
तुमचा,
रॉइस

सोबत पोस्टाच्या चार मनीऑर्डरी. ट्रकचे दोन हजार तीनशे, आणि निघायच्या आधी त्याच मोठ्या ट्रकला सगळं भरून हॅमिल्टनच्या काट्यावर चढवायचे सात. एकूण दोन हजार तीनशे सात डॉलर.