श्रावणात पाहिलेला बंगला

अहो,

मी येवल्याला ताईकडे जाते आहे, परवा येईन. वरण-भात कुकरमध्ये आहे. आईंना मऊ कालवून तुम्हीच भरवा.

काल भाजीला म्हणून निघाले आणि त्र्यंबकच्या एसटीत बसले. तुमचा तो डोंगरातला बंगला परत बघून आले. गेल्या श्रावणात आपण गेलो तेव्हा मागे धबधबा होता, आता नुसता काळा कातळ आहे. विहिरीत गाळ आहे आणि गावाला टँकर येतो. गेटपर्यंतची वाट शेजाऱ्याच्या शेतातून जाते, तो म्हणाला, "पेरणी झाली की बंद." एजंट यातलं काही बोलला नाही, आणि हिरवं बघून आपणही विचारलं नाही.

तिथली हवा आईंना मानवेल, असं तुम्ही म्हणता. मानवेलही. पण त्यांच्या चादरी दिवसातून दोनदा धुवाव्या लागतात, आणि तिथे पाणी नाही.

उद्या विसार देणार होतात ना? थांबा. आधी दोन दिवस या चादरी तुम्ही धुवा, मग ठरवा. हातानेच धुवाव्या लागतील. मशीन महिनाभर बंद आहे, तुमच्या लक्षात आलं नसेल.

वैजयंती