उतार नव्हे, चढ होता

सर्वांत आधी एक चूक दुरुस्त करते. काकांच्या वतीने मी रस्ते खात्याला जो खुलासा लिहून दिला, त्यात "रोलर उतारावर उभा होता" असे वाक्य आहे. तिथे उतार नाही, चढ आहे. त्या सकाळी मी लिहीत होते आणि काका शेजारी डोके धरून "उतारा दे गं, उतारा दे" म्हणून कण्हत होते. मी उठून लिंबू पिळून दिले, पण तोवर शब्द कागदावर उतरला होता.

आता मूळ विषय. मी, खाली सही करणारी, वय बावीस, या घरात शिकलेली पहिलीच, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना (आत्या बाजारात गेली आहे) हे मृत्युपत्र लिहीत आहे. सकाळी खोकल्याचे औषध घेतले होते. बाटलीवरचा मजकूर दोनदा वाचला. त्यात मद्यार्क नाही. तरीही तासभर थांबून मगच लिहायला बसले.

मला काही आजार नाही. पण खुलासा दुरुस्त करायला जाते असे मी म्हटले तेव्हा आत्या म्हणाली, "त्या कचेरीत जाऊन तोंड उघडलंस ना, तर तू मला मेलीस!" तसे होणारच असेल तर आवराआवर आधी केलेली बरी. मात्र हे मृत्युपत्र आत्यापुरतेच अमलात येईल. बाकीच्यांसाठी मी जिवंत आहे आणि आई मला दूध आणायला पाठवू शकते.

कलम एक. माझी सायकल आईला. सायकलीची जाडी आता वहीच्या पुठ्ठ्याएवढी आहे. चालवता येणार नाही, पण कपाटामागे सरकवता येईल. ती अशी कशी झाली हे लिहिणे भाग आहे, कारण खुलाशात ते नीट आलेले नाही.

काका रस्ते खात्याचा रोलर चालवतात. एका सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या जेवणात दुपारी त्यांनी बरीच घेतली आणि रोलर घेऊन निघाले. आमच्या गल्लीत ते चढाला लागले तेव्हा वाहतूक हवालदार त्यांच्या शेजारून चालत होता. रोलर माणसापेक्षा हळू जातो, त्यामुळे हवालदाराला मधूनमधून थांबून राहावे लागत होते.

"अहो, थांबवा!"

"थांबलोच आहे की!" काका म्हणाले.

मी खिडकीतून ओरडले, "काका, सायकल!"

"हो गं, बघतोय. छान आहे!"

खाली जाऊन सायकल बाजूला घ्यायला मला भरपूर वेळ होता. मी चपला शोधत बसले.

मग हवालदाराने श्वास तपासायचे यंत्र काढले. "यात फुंका."

"बिडी सोडली मी, साहेब."

"हवा फुंका, हवा!"

या बोलाचालीत यंत्राची बॅटरी संपली. "तोंडास उग्र वास" असे त्याने लिहून घेतले; काका म्हणाले, डांबराचा आहे. म्हणजे त्या फाइलीत धड कागद एकच उरला, माझा. खात्याने तो वाचला आणि ठरवले की रोलर उतारावरून आपोआप घरंगळला, दोष ब्रेकचा. वर जाणारा रोलर आपोआप कसा जाईल हे कोणी जागेवर येऊन पाहिले नाही.

कलम दोन. आत्याचे मुद्दे मी तिचे तिला परत करते. "मुंगी पुढे जाते त्याच्या! याला काय गाडी चालवणं म्हणतात?" हा पहिला. मी कायदा तीनदा वाचला. अमुक वेगाच्या खाली प्यायलेले चालते असे कुठेही नाही. "प्यायला तो. रोलर थोडाच प्यायला होता?" हा दुसरा. हेही कायद्यात नाही. पहिल्या वेळेस दंड किंवा कैद किंवा दोन्ही, शिवाय परवाना काही काळ बंद. दुसऱ्या वेळेस हे सगळे वाढते. तिसऱ्या वेळेचे मला वाचवले नाही.

तिचा तिसरा मुद्दा मात्र मी परत करू शकत नाही. "त्यानं तुला शाळेत घातलं, आता तू त्याला तुरुंगात घाल!"

शाळेत त्यांनीच घातले, हे खरे आहे. पहिल्या दिवशी हौसेने रोलरवर बसवून नेले. उजाडता निघालो आणि पोहोचलो तेव्हा शाळा सुटत होती. बाई म्हणाल्या, "उद्या जरा लवकर या." दुसऱ्या दिवशी काकांनी मला खांद्यावर घेतले आणि चालत नेले. तेव्हा ते घेत नव्हते.

कलम तीन. माझा शब्दकोश आत्याला. उतार आणि उतारा एकाच पानावर आहेत, तिथे खूण घातली आहे. माझी निळी छत्री, जी ती दोन पावसाळे वापरत आहे, तिलाच राहू दे. फक्त "माझीच आहे" असे लोकांना सांगणे थांबवावे.

कलम चार. याला नाव काय द्यावे ते मला कळत नाही. काकांना शुक्रवारी रोलर परत मिळणार आहे आणि पहिले काम त्याच शाळेसमोरच्या रस्त्याचे आहे. सायकलीला पाय नव्हते म्हणून ती सरकली नाही. पहिलीतल्या मुलांना पाय असतात, पण तीही चपला शोधत बसतात.

काकांना मी काहीही ठेवलेले नाही, कारण साक्षीदार म्हणून तेच हाताशी होते आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असा नियम आहे. त्यांना मी तसे सांगितले.

"बरं. पण वाच तरी, कशावर सही करतोय मी."

"साक्षीदाराला मजकूर कळायची गरज नसते, काका."

"गरज नाही गं, हौस आहे."

मी वाचले. सायकलीपाशी ते हसले, आत्यापाशी मोठ्याने हसले. शेवटच्या कलमाला हनुवटी खाजवत राहिले.

"चढच आहे तो," ते म्हणाले. "मीच दाबलाय तो रस्ता. वाटलं, पोरगी शिकलेली आहे, लिहिलं असेल काहीतरी विचार करून."

"परवाना जाईल, काका. कैदही होऊ शकते."

"आणि ताईला, तुझ्या आत्याला, कोण सांगणार?"

"तुम्ही."

"मग कैदच बरी." सहीसाठी पेन उचलत म्हणाले, "मी येतो बरोबर. तू नुसता उतार खोड. बाकीचं मी सांगतो. तोंड मी उघडलं तर तू मरायचीही गरज नाही."

हे कायदेशीरदृष्ट्या बरोबर आहे का, ते मला अजून ठरवता आलेले नाही. म्हणून मृत्युपत्र रद्द न करता ठेवत आहे.

मृत्युपत्र करणारी: मी, पुतणी आणि भाची (भाची या नात्याने मयत होण्याची शक्यता)

साक्षीदार पहिला: काका, रोलरचालक. पहिलीत असताना मी शिकवलेली सही केली. सही करताना शुद्धीत होते. मी वास घेऊन पाहिला, या वेळी खरोखरच डांबराचा होता.

साक्षीदार दुसरा: शेजारचे शिंपीदादा. मजकूर वाचला नाही, पण भिंतीपलीकडून सगळा ऐकला.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल

दिनांक: बारा, मंगळवार

कचेरीत जाण्याचा दिवस: काका म्हणतात, रोलरने निघालो तर शुक्रवार उजाडेल. तेव्हा चालत, गुरुवारी, चौदा तारखेला.