प्रितेशच्या दारातला बार

प्रिय प्रितेश,

फोनवर मी तुझ्या लोंबकळायच्या व्यायामाच्या बारचे नाव काढले की "ताई, झाला का तुझा तास सुरू?" म्हणत तू फोन भागीच्या हातात देतोस. म्हणून हे पत्र डिंकाच्या लाडवांसोबत, टेम्पोने तुमच्याकडे येणाऱ्या राहीबाईंच्या हाती पाठवते आहे. लाडू बाळंतीण भागीसाठी, पत्र तुझ्यासाठी.

घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, तेव्हा ड्रिलशिवाय बसणारा बार घेतलास, हे योग्यच. पण त्याच्या दोन जाती असतात. एक चौकटीच्या वरच्या पट्टीला अडकतो आणि समोरून टेकतो. आपण लोंबकळलो की आपल्याच वजनाने अधिक घट्ट बसतो. काय सुरेख युक्ती आहे! मात्र त्याला पुढे आलेली भक्कम लाकडी पट्टी हवी. तुझ्या दाराला गुळगुळीत ग्रॅनाइट, तेही भिंतीशी सपाट. दुसरा, म्हणजे तुझा, पिळून लांबवायचा आणि चौकटीत दाबून बसवायचा. त्याला खालून आधार नाही. रबरी टोकांचे घर्षण हेच त्याचे सारे बळ. घासलेल्या दगडावर ते कमी पडते. त्यात भिंतीपलीकडे रघूशेटचे लूम, कापड विणत धडधडणारे. तुमच्या मांडणीवरचे पेले दिवसभर किणकिणतात. लूमनी भरलेल्या निजामपुऱ्यात राहून तुला ते ऐकूही येत नसेल, पण त्याच थरथरीने बारचा पीळ हळूहळू सैल होतो.

तेव्हा रुंद टोकांचा बार बदलून घे, आतल्या खोलीच्या लाकडी चौकटीत बसव, दर वेळी आधी पिळून पाहा आणि पाय सहज टेकतील इतका खाली लाव. एवढे लिहून थांबायचे होते. पण माझी झोप उडाली आहे ती तुझ्या व्यायामामुळे नव्हे.

काल भागीने रविवारच्या बारशाचे आमंत्रण दिले. पाळणा कुठे टांगणार, विचारले तर म्हणाली, "वन्सं, त्या दांड्यालाच लुगड्याची झोळी बांधू. बाळाचा बापूस लोंबकळतो तरी पडत न्हाय, पोराचा वजन तो किती!" मागून तुझे हसणे ऐकू आले. तिच्या माहेरी झोळी घराच्या आढ्याला बांधतात. तिला सारे दांडे सारखेच वाटणार. पण तू क्षणभर, सरळ लोंबकळतोस. झोळी दर झोक्याला बारची टोके आडवी ओढते, आणि रविवारी साऱ्या बायका आळीपाळीने दोरी ओढतील. बार निसटला तर तू पायांवर उतरशील. बाळाला अजून मानही सावरता येत नाही. आत्या म्हणून त्याच्या कानात नाव मी सांगायचे आहे. त्या झोळीवर वाकले तर नाव सांगायचे सोडून मी बारच धरून उभी राहीन, प्रितेश. राहीबाईंच्या टेम्पोत पाळण्याचा लोखंडी स्टँड ठेवला आहे. तोच जमिनीवर उभा कर. नाव ठरवले आहे. ते मला न घाबरता उच्चारू दे.

तुझीच, काळजीने जागी असलेली
दिपिकाताई
पडघा