शिरूरचं कुलूप, दौंडची प्रत

मी, सुलक्षणा गेणबा टकले, वय ६१, अविवाहित, धंदा टायपिंग व डीटीपी, राहणार शिरूर, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण भावकीचा त्यावर सहजी विश्वास बसणार नाही.

१. बाजारपेठेतला गाळा, प्रिंटर व दोन्ही टाइपरायटर माझी भाची धनश्री हिला द्यावेत. ती माझी धाकटी बहीण धुरपदा हिची मुलगी, राहणार दौंड. मिळकत स्वकष्टाची आहे, तीवर भावाचा हक्क नाही.

२. दुकानात लोक सोडचिठ्ठीचे अर्ज, भावकीच्या तक्रारी, निवडणुकीची पत्रकं टाइप करायला आणत. दुसऱ्याचं झाकलेलं आपणही झाकूनच ठेवावं, म्हणून सगळ्या फाईली मी पासवर्डच्या कुलपात ठेवल्या. रोज दुकान बंद करताना जे बदललं असेल ते टेलिफोनच्या तारेवरून धुरपदाच्या घरच्या कॉम्प्युटरवर जाई, कुलपासकट.

"अक्का, ह्यात काय हाय ते मला बी दिसंना," ती म्हणायची.

"तेच तर पायजे," मी म्हणायचे.

३. भावाचा मुलगा पप्पू यास दुकानातला जुना कॉम्प्युटर द्यावा. २००६ साली दूध सोसायटीच्या निवडणुकीला तो उभा होता. दोन्ही पॅनेलची पत्रकं माझ्याकडेच. विरोधकांचं पत्रक त्याला छापण्याआधी वाचायचं होतं. भरल्या दुकानात म्हणाला, "आत्या, पासवर्ड काय हाय?"

"न्हाई सांगायची."

"घरचा माणूस हाय की मी. काय हाय?"

"न्हाई सांगायची."

रागारागाने त्याने कॉम्प्युटरच उचलून नेला. पुण्याहून माणूस आणून बसवला, तरी कुलूप निघालं नाही. मी पहिली एसटी धरून दौंडला गेले, तिथली प्रत उघडली आणि दोन्ही पत्रकं वेळेवर ज्याच्या त्याच्या हातात दिली. त्या दिवशी शिरूरच्या बाजारातून मी मान ताठ करून चालले. आठवलं की अजून आनंद होतो. पप्पू पडला, पण त्याला मी नाही, मतदारांनी पाडलं. कॉम्प्युटर त्याने मुकाट्याने परत आणून ठेवला. आता रीतसर न्यावा, वाट माहीत आहेच.

४. हे मृत्युपत्र आधी धनश्रीने एकटीने वाचावे. ज्याची फाईल त्याला द्यावी, दोन्हीकडच्या प्रती पुसाव्यात, मगच पप्पूला बोलवावे. लोकांनी माझ्यावर टाकलेला विश्वास माझ्यामागे उघडा पडू नये, एवढीच माझी काळजी आहे.

पासवर्ड मी पप्पूला भरल्या दुकानात दोनदा सांगितला होता. 'न्हाई सांगायची.' इंग्रजी अक्षरांत, जोडून, बोलतो तसाच टाइप करावा. 'नाही' असं शुद्ध लिहिलं तर उघडत नाही. लहानपणी 'न्हाई' हा शब्द तोंडातून निघाला की पाठीत धपाटा बसायचा. पुढे त्याच शब्दावर मी दुकान चालवलं.

साक्षीदार समोर बसले आहेत. त्यांनी सह्या पाहायच्या आहेत, मजकूर नाही. भामाबाईंनी आत्ताच विचारलं, "बाई, आत काय लिवलंय वो?"

त्यांनाही मी पासवर्डच सांगितला.

सही: सुलक्षणा गेणबा टकले
साक्षीदार: १. भामाबाई म्हाळू बरकडे २. रखमाजी कोंडिबा हाके
स्थळ: शिरूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २००९