कोमट दही

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

आमच्या वृद्धाश्रमातल्या आणखी एका आजोबांना तोच विषाणूचा ताप आहे, असं डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी सांगितलं. तू घाबरू नकोस. मी मास्क काढत नाही आणि हात धुऊन धुऊन सालटी निघाली आहेत.

महिनाभर आम्ही सगळ्यांना जेवणात दही देतोय. त्यातले चांगले जंतू पोटात गेले, तर विषाणूशी झुंजायला अंगाला थोडी मदत होऊ शकते, असं बाईंचं म्हणणं. खात्री त्याही देत नाहीत. मला मात्र त्या वाटीचा फार आधार वाटायचा.

आज कळलं, आचारीमामा दह्याचं पातेलं रोज उकळत्या पाण्यात ठेवून मगच वाढत होते!

"अहो मामा, त्यानं जंतू मरतात!" बाई ओरडल्या.

"मग बरंच की! आणि गार दह्यानं म्हाताऱ्यांचे दात ठणकतात हो."

सगळे हसले. मला हसू येईना. मीही तेच दही खात होते.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांचं दही गरम करू नकोस. आणि मी रविवारी येणार होते, ते आता राहू दे. कालपासून घसा खवखवतोय. आजोबांशी मोठ्यानं बोलून असेल. बाबांना सांगू नकोस.

बाईंनी माझीही तपासणी केली आहे. रिपोर्ट उद्या येईल. तो चांगला असला, तर हे पत्र तुझ्या हाती पडायच्या आत माझा फोन येऊन गेलेला असेल.

तुझीच,
धाकटी