दोरीची चौकट

मंगळवार, १९ तारीख
शाळेची सामानाची खोली, मधली सुट्टी

ताई,

नमस्कार. भावोजींनाही सांग, त्यांनी घेतला तर. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोकला गेला, केस कापलेत. झाली माझी खुशाली.

पत्राला उशीर झालाय हे मीच आधी बोलून टाकते, म्हणजे तुला बोलायला जागा राहणार नाही. रोज लिहायचं ठरवत होते. कागद घेतला की पेन चालायचं नाही, पेन मिळालं की कुणीतरी नळ उघडा राहिलाय म्हणून ओरडायचं, आणि कुणी नाही ओरडलं तर मीच उठून बघून यायचे की नळ उघडा तर नाही ना. तुला माहितीये मी कशी आहे ते. फोन उचलत नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर तू गप्प होतेस, मग मी काहीतरी फालतू विनोद करते, मग दोघींपैकी एक जण फोन ठेवते. त्यापेक्षा कागद बरा.

येत्या रविवारी तुमचं सामान हलणार, त्याच्या आत तुला माझं उत्तर हवंय. विसरलेले नाही. येतेच त्याच्यावर.

आधी हे ऐक. मला या शाळेत कुंपणाला रंग द्यायला घेतलं होतं. रंग संपला, मी उरले. बालवर्गाच्या बाईंचे गुडघे गेलेत, त्यांना खाली बसता येत नाही, आणि त्यांचा तर रोजचा एक तास बाहेर मातीत असतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुला उकिडवं बसता येतं का?" म्हटलं, येतं की. "मग झालीस तू मास्तरीण." अशी माझी नेमणूक. शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला शाळेनेच कामावर घेतलं, हस तू.

शाळा एका टायरच्या दुकानामागे आहे. पुढून हवा भरल्याचा आवाज आणि मागून पोरांचा. मागच्या भिंतीला लागून मोकळी जमीन आहे, गवत माजलेलं, एक फुटका पाइप पडलेला. तिथे बाईंनी प्रत्येक मुलाला एक एक जागा आखून दिलीय. चार काड्या रोवायच्या, भोवती सुतळी बांधायची, झाली तुमची चौकट. घडी घातलेल्या टॉवेलएवढी. वर्षभर त्या चौकटीत काय काय होतं ते बघायचं. नियम दोनच. काही उचललं तर होतं तसं परत ठेवायचं. आणि जे बघितलं तेच सांगायचं, वाटलं ते नाही.

दुसरा नियम फार अवघड आहे ताई. एक पोरगा आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. पहिल्याच दिवशी म्हणाला, माझ्या चौकटीत वाघ होता. बाई म्हणाल्या, कुठेय? "होता. आता गेला." मग बाईंनी शांतपणे विचारलं, "गवत दबलंय का?" त्याने वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तोंड पाडून म्हणाला, "नाही दबलं. बहुतेक तो वाघ नव्हता. बहुतेक तो मीच होतो."

याच वकिलाने घेवड्याचं बी पेरलं आणि रोज उकरून काढलं. मी ओरडले तर म्हणतो, "उपटलं नाहीये, नुसतं विचारून परत ठेवलं."

थांब, घंटा झाली.

बुधवार

काल पुढे लिहिता आलं नाही. म्हणजे लिहिता आलं असतं. मी पाइप साफ करत बसले, कुणी सांगितलेलं नसताना. त्यात गांडुळं निघाली. पोरांना बोलावलं. एकीने विचारलं यांचं डोकं कुठलं आणि मला सांगता येईना, मग आम्ही ओल्या कागदावर एक गांडूळ ठेवून सगळे पोटावर आडवे झालो आणि ते कुठल्या बाजूने पुढे जातं ते बघत राहिलो. बाई खिडकीतून म्हणाल्या, "कपडे कोण धुणार?" वकील म्हणाला, "ज्यांचे त्यांच्या आया." सगळे हसले.

मग तो माझ्याकडे वळला. "तुझे कोण धुणार? तुझी आई कुठेय?" म्हटलं, माझे मीच धुते. "तुला मुलं आहेत का?" म्हटलं, भाची आहे, तुझ्याएवढीच. "ते नाही विचारलं," म्हणाला.

सहा वर्षांचा आहे तो.

तर उत्तर. ताई, मी असं ठरवलंय की आहे तसंच राहू दे. मला मावशीच राहू दे. तुम्ही नव्या गावी जाताय, तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, तिथे तू आई आणि भावोजी बाबा, कुणी काही विचारणार नाही. छोटी सुखात आहे. तिला कशाला ढवळायचं? भावोजी मागच्या वेळी दारात जे बोलले ते काही खोटं नव्हतं. मी येते, दोन दिवस धिंगाणा घालते, निघून जाते, आणि मग पोर आठवडाभर दाराशी बसून राहते. "यायचं तर राहायला ये, नाहीतर येऊ नकोस." मला त्यांचा राग नाही आला. म्हणजे आला, पण तो जिना उतरेपर्यंतच टिकला.

झालं. दिलं उत्तर. आता तरी नीट झोपशील.

गुरुवार, दुपार

वरचं सगळं खोडणार होते. मग म्हटलं असू दे, तुलाही कळेल माझं कसं चालतं ते.

तुला एक सांगितलं नाही, हे पत्र सुरू करायच्या आधीचं. तुझा निरोप आला ना, "तिला तिची आई कोण ते सांगायचं की नाही, तूच ठरव, आणि सांगायचं असेल तर येऊन तुझ्या तोंडाने सांग," तो वाचला आणि मी पिशवी भरली. इथे कुणाला सांगितलं नाही. जी पहिली बस लागली होती तिच्यात बसले, शेवटच्या थांब्यावर उतरले, तिथल्या एका लाँड्रीत इस्त्रीचं काम मिळालं ते धरलं. काम चांगलं होतं गं. गरम कपड्यांचा वास मला आवडतो. एक दिवस ढिगातून एक एवढासा फ्रॉक हातात आला आणि त्याला इस्त्री कशी करायची तेच सुचेना. एवढीशी बाही. इस्त्रीचं टोकसुद्धा आत जाईना. मालक म्हणाले, "अहो, जाळाल." मी इस्त्री उभी करून ठेवली आणि परत आले.

मला वाटलं बाई हाकलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "कोपऱ्यात बादली आहे, पाणी घाल." मी बादली घेऊन मागे गेले.

इथे मला पिनबद्दल सांगायला हवं. पिन म्हणजे एक मुलगी, तिच्या डोक्यात इतक्या पिना असतात की चुंबक लावला तर ती उचलली जाईल. फार बोलत नाही. चौकटी आखल्या तेव्हा पोरांनी हट्ट करून मलाही एक आखून दिली होती, भिंतीजवळ, पिनच्या शेजारी. मी पिशवी घेऊन निघाले तेव्हा मनात म्हटलं होतं, दुसऱ्या कुणाला देतील.

कुणाला दिली नव्हती. सुतळी तशीच होती. एक काडी मोडली होती तिथे पेन्सिल रोवलेली होती. पिन मला बघून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तू नव्हतीस म्हणून मी बघत होते. बस, सांगते." आणि सांगायला लागली. एक मुंगळा मेला, त्याला बाकीच्यांनी नेलं, पण एक पाय राहिला. मग पाऊस झाला. मग इथे छत्रीसारखं काहीतरी उगवलं, दुसऱ्या दिवशी काळं पडलं. हे गवत आधी इथपर्यंत होतं, आता इथपर्यंत आलं. एक कोळी येतो पण तो तुझा नाही, तो माझ्या चौकटीतला आहे, फक्त फिरायला येतो. सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडली नाही. कुठे गेली होतीस, का गेली होतीस, काही नाही. जसं काही मला हे ऐकायचं होतंच.

म्हटलं, "मग आता ही तूच ठेव. तुला जास्त माहितीये."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं तू बघतेस, मी मीठ टाकायचं विसरले की. "का? आता दोघी बघू."

वकील लगेच आला. "चालत नाही. एका चौकटीला एकच मालक असतो."

"चौकट मुंग्यांची आहे, येड्या," पिन म्हणाली. "आम्ही नुसत्या बघतोय."

वकील खाली वाकून मुंग्या मोजायला लागला.

ताई, मी तिथे बसून राहिले. पोरं आत गेली तरी बसले. मला एवढंच आठवत होतं की मी छोटीला तुझ्याकडे ठेवलं तेव्हा तिला मानसुद्धा धरता येत नव्हती. मी म्हणाले होते, काम मिळेपर्यंत. कामं किती मिळाली गं मला! नर्सरीतली रोपं, खाणावळ, पुठ्ठ्याचे खोके, इस्त्री. एकही काम असं मिळालं नाही की मी म्हणावं, चला, आता तिला घेऊन येते. काम मिळेपर्यंत म्हणजे भीती जाईपर्यंत, आणि ती काही गेली नाही. छोटी पहिल्यांदा चालली, तिचा दात पडला, ती कशाला घाबरते, तापात काय बडबडते, सगळं तू बघितलंस. मी आले की तू मला बसवून सांगायचीस. आणि मी ऐकायचे नाही. मी उठून छोटीला गुदगुल्या करायचे. तुला वाटत असेल मला काही पडलेलं नाही. तसं नाही गं. एकेक गोष्ट ऐकली की तेव्हा मी नव्हते हेही ऐकावं लागतं.

म्हणून काल जे लिहिलं ते उत्तर नव्हे. ते वाघासारखं आहे, गवत दबलेलं नाही. छोटीला ढवळायचं नाही असं लिहिलंय ना मी, ते खोटं आहे. मला भीती वाटते ती वेगळीच. मी सांगेन, आणि ती म्हणेल, बरं, आणि खेळायला जाईल. किंवा म्हणेल, मग तू का गेलीस. यातल्या कशाला मी जास्त घाबरते ते मला ठरवता येत नाही.

शुक्रवार

टायरवाल्याचा माणूस उद्या तुमच्या बाजूला जातोय, हे त्याच्या हाती देणार आहे. म्हणून आता फाटे न फोडता लिहिते.

मला तिला सांगायचंय. तुझ्याकडून ती काढून घ्यायची नाही, तसलं काही मनात आणू नकोस. ती तुलाच आई म्हणू दे. माझ्या जिवाला थोडं लागेल, लागू दे. पण तिला ठाऊक हवं. मी शनिवारी संध्याकाळी येते, तू माझ्या शेजारी बस, मध्ये बोलू नकोस, फक्त बस. आणि मग मला सांग, पहिल्यापासून सगळं सांग, या वेळी मी उठणार नाही. तुमच्या नव्या गावात मला कुठलंही काम चालेल. तुमच्या घरात नको, जवळच्या गल्लीत एखादी खोली बघेन. भावोजींना मात्र तूच समजाव. माझ्या शब्दावर ते कसे विश्वास ठेवणार, माझाच बसत नाही. पण म्हणावं, पिशवी रिकामी करून टाकलीय, तिच्यात आता पोरांनी गोळा केलेले दगड आहेत.

आणखी एक, मला सांगताना रडू आलं तर तू

थांब. गेटवरचे काका आलेत. बघून येते.

ताई, घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. काका म्हणाले, "तुझ्याकडे पाहुणे आलेत. एक गृहस्थ, बरोबर लहान मुलगी. भावोजी आलेत म्हणून सांगा म्हणाले." मला खोटं वाटलं. या खोलीला एक जाळीची खिडकी आहे, तिच्यातून बघतेय. तेच आहेत. मला वाटलं होतं ते माझं तोंडही बघणार नाहीत. बुटाची नाडी सुटलीय म्हणून गेटजवळ खाली बसून बांधतायत. छोटीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवलाय, पडू नये म्हणून. उंच झालीय. तू सांगितलं होतंस, पण एवढी?

तू दिसत नाहीस. सगळीकडे बघितलं. तू मुद्दाम आली नाहीस ना? की त्यांनी तुला न सांगता आणलंय तिला? शेजारी तू बसशील असं मी धरून चालले होते. आता शेजारी ते बसणार. त्यांनी वर बघितलं, खिडकीकडेच. हसले नाहीत. पण हात वर केला. नाडी बांधून झाली. छोटी इकडे तिकडे बघतेय, मला शोधतेय, अजून दिसले नाही.

आता आणखी लिहिलं तर मी मागच्या दाराने जाईन, ते दार माझ्या पाठीशीच आहे. म्हणून पेन ठेवते. पत्र भावोजींच्याच हाती देते, तुझं वाचून झालं की त्यांनाही वाचू दे.

तुझी धाकटी बहीण,
आणि तिची...
नको, तो शब्द आधी तिला सांगते.