सहावं मशीन

११.१०.०८
औरंगाबादहून नेटबुक आणलं, सुनंदासाठी. दुकानातला लॅपटॉप तिला आता मांडीवर पेलत नाही. हे किलोभरही नाही. आत जागा चारच जीबी, आणि वर लिनक्स. मस्तगडात बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतोय, लिनक्स मागणारं एक गिऱ्हाईक आलेलं नाही. म्हटलं, उद्या विंडोज एक्सपी टाकून देतो. म्हणाली, "राहू द्या. मोठी मोठी चित्रं हायेत, दाबलं की चालू होऊन राह्यलंय. मला कुठं दुकान चालवायचंय."
बायकोपुढं आपली हुशारी चालत नाही. राहू दिलं.

२.११.०८
तिसरी केमो. दवाखान्यात नेटबुक पोटावर घेऊन टाइप करत होती. इतकी वर्षं आपल्या दुकानात लग्नपत्रिका टाइप केल्या, बोटं अजून भराभर चालतात. काय लिहितेस विचारलं तर झाकण लावलं. "सगळं तुम्हालाच कळाया पाह्यजे का?" मी म्हटलं, लिनक्सवर लिहिलेलं वाचणार कोण? हसली. बऱ्याच दिवसांनी.

१४.१२.०८
सु. हल्ली फार बोलत नाही. आज म्हणाली, "हे मशीन मंजूला द्या. जसंच्या तसं." मंजू पुण्याला होस्टेलवर, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. म्हटलं, अगदी पिशवीसकट देतो, तू आधी बरी हो. भिंतीकडं तोंड करून पडली. मला वाटलं, दुखतंय.

९.१.०९
सकाळी सव्वासहाला सु. गेली. मंजू अजून बसमध्ये होती.

४.२.०९
मंजू परवा पुण्याला परतली. आज दुकान उघडलं. पाटीवर धूळ. 'फॉरमॅट करण्याआधी डेटा काढून घ्यावा. नंतर तक्रार चालणार नाही.' सु.नंच टाइप करून छापलेली. तिच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलं तर डोकं फिरलं. खुर्ची आत नेऊन ठेवली.

१७.२.०९
मोंढ्यातले शेटजी एकदम पाच नेटबुक घेऊन आले. "भाऊ, ते लिनक्स-बिनक्स बिलकुल नको. जल्दी विंडोज टाकून द्या सगळ्यांत." या मशीनला सीडीची सोय नसते, म्हणून पेन ड्राइव्हवर एक्सपी तयार केलं आणि एकामागून एक लावत गेलो. पेन ड्राइव्ह हाताशी होताच, सु.चं मशीनही ओळीत ठेवलं. मंजूला कुरियर करायचंच होतं, कॉलेजात तिला विंडोजच लागणार. दुपारपर्यंत सहाही झाली. कितीतरी दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं.

१९.२.०९
मंजूचा फोन. "पप्पा, आईचं मशीन कुरियर नका करू, मीच येते रविवारी. आईनं माझ्यासाठी लिहून ठेवलंय त्याच्यात. परीक्षा झाल्यावर वाच म्हणली होती, काल संपली."
बरं म्हटलं. फोन ठेवला.
जसंच्या तसं म्हणाली होती. गिऱ्हाइकाला मी तीनदा विचारतो, आत काही ठेवायचंय का. स्वतःला एकदाही

२१.२.०९
दोन दिवस फाइली परत काढायचं सॉफ्टवेअर चालवतोय. चार जीबीत एक्सपी हातपाय पसरून बसलंय. निघतं ते सगळं त्याचंच. तिचं म्हणून एवढंच सापडलं: 'पप्पांना यातलं काही'. पुढं नुसते चौकोन.
सांगू नको? कळणार नाही? काय, सु.?

२२.२.०९, रवि.
मंजू दुपारच्या गाडीनं आली. चपला काढायच्या आतच सांगितलं, थांबलो असतो तर सांगितलं नसतं. "सगळं?" म्हणाली. म्हटलं, सगळं. ती अर्धी ओळ दाखवली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. जेवलीही नाही. संध्याकाळी म्हणाली,
"आईचं होतं तेच टाका परत."
"त्यात काही नसणार, मंजू."
"माहितेय मला. टाका."

२३.२.०९
टाकलं. विंडोज काढून लिनक्स, बारा वर्षांत पहिल्यांदा. मोठी मोठी चित्रं आली, सु.ला आवडायची ती. मशीननं नाव विचारलं. मंजूनं ते आपल्याकडं ओढलं, आईचं नाव टाकलं, लिहायचं पान उघडलं आणि माझ्यापुढं सरकवलं. "आता तुम्ही लिव्हा. आई काय काय बोलायची ते. मंग मी घेऊन जाते." एवढं बोलून आत गेली. बॅग भरतेय.
तिची गाडी साडेतीनची. सकाळपासून बसलोय. वीस वर्षं संसार केला, शेजारच्या खुर्चीत ती दिवसभर बोलायची, मी स्क्रू काढत हं हं करायचो. ती बोलताना तोंडाकडं तरी बघितलं असतं.
तीन वाजले. एकच ओळ झालीय. 'राहू द्या, मला कुठं दुकान चालवायचंय.'